‘पाच वेळा देश देऊ केला’ म्हणे! एका फॉरवर्डचा पंचनामा

मावशीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘हे बरोबर आहे ना रे? रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वाचणार आहे.’ मावशीने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सनावळीत चुकलं की ती भर वर्गात कान धरायची. तिलाही जो मजकूर एका वाचनात पटतो, त्याची कारागिरी मानायलाच हवी. सनावळ्या आहेत, टक्केवारी आहे, एक रंगीत नकाशा आहे आणि शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. हाच मजकूर याआधी सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. आता तो माइकवरून वाचला जाणार म्हटल्यावर लिहिणं आलं.

ज्यांच्याकडे तो अजून आलेला नाही (असे कोणी उरले असतील तर), त्यांच्यासाठी सारांश असा. पॅलेस्टिनींना आजवर पाच वेळा स्वतंत्र देश देऊ केला: १९३७, १९४७, १९६७, २००० आणि २००८. पाचही वेळा त्यांनी लाथाडला. २००० मध्ये तर अमेरिकेत कॅम्प डेव्हिडच्या बैठकीत ९७ टक्के जमीन मिळत असताना पॅलेस्टिनी नेते यासर अराफत उठून गेले, स्वतःचा काही प्रस्ताव दिला नाही, आणि परतल्यावर दंगे पेटवले. २००५ मध्ये इस्रायलने शांततेसाठी गाझा सोडला, बदल्यात रॉकेटं मिळाली. पॅलेस्टिनींनी इस्रायलला कधी मान्यताच दिली नाही. भारत पहिल्यापासून इस्रायलच्या बाजूने होता, मधल्या काळात मतांसाठी फिरला. इस्रायलचा हात आजही पुढे आहे. आणि म्हणून, गाझात जे झालं ते त्यांनी मागून घेतलं.

सगळ्यात जास्त टाळ्या ज्या मुद्द्यावर पडणार, तिथूनच सुरुवात करतो. कॅम्प डेव्हिड.

११ ते २५ जुलै २०००. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन, इस्रायलचे पंतप्रधान एहुद बराक आणि यासर अराफत. एका केबिनच्या दारात बराक आणि अराफत ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत एकमेकांना अक्षरशः ढकलतायत आणि क्लिंटन हसतायत, ते चित्रण पुष्कळांनी पाहिलं असेल. मजा अशी की दारात इतकी झटापट करणारे हे दोघे त्या दोन आठवड्यांत वादाच्या मुद्द्यांवर समोरासमोर बसून जवळजवळ बोललेच नाहीत. बराक यांना ते नको होतं. जे काही देऊ केलं जात होतं ते तोंडी, बहुतेकदा अमेरिकनांच्या तोंडून, ‘ही अमेरिकेची कल्पना आहे’ अशा वेष्टनात. सही करायला समोर ठेवलेला कागद, नकाशासकट, असा तिथे नव्हताच.

आणि ते ९७ टक्के? जुलैमध्ये टेबलावर जे होतं ते साधारण असं: वेस्ट बँकेचा (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातला प्रदेश) सुमारे ९१ टक्के भाग, इस्रायल स्वतःकडे ठेवणार असलेल्या ९ टक्क्यांच्या बदल्यात दुसरीकडे १ टक्का, जॉर्डन खोऱ्यात इस्रायलचं लष्करी अस्तित्व पुढची काही वर्षं चालू, आणि जेरुसलेममधल्या हरम अल-शरीफवर, म्हणजे ज्यू ज्याला टेंपल माउंट म्हणतात त्या जागेवर, सार्वभौमत्व इस्रायलचं, पॅलेस्टिनींकडे फक्त देखभाल. ९७ हा आकडा जुलैचा नाहीच. तो २३ डिसेंबर २००० चा आहे. त्या दिवशी क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये दोन्ही बाजूंच्या वाटाघाटी करणाऱ्यांना बसवून आपल्या अटींचा आराखडा वाचून दाखवला: वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग, वर १ ते ३ टक्क्यांची अदलाबदल, हरमवर पॅलेस्टिनी सार्वभौमत्व, आणि निर्वासितांचं परतणं मुख्यतः नव्या पॅलेस्टिनी राष्ट्रात. फॉरवर्डवाल्याने डिसेंबरचा आकडा उचलला, जुलैच्या बैठकीला चिकटवला, आणि अराफतना त्या आकड्यावरून उठवून घरी पाठवलं. ‘ध’चा ‘मा’ याहून वेगळा काय असतो?

बरं, हे मी सांगतोय म्हणून मानू नका. श्लोमो बेन-अमी हे त्या वेळी बराक यांच्या मंत्रिमंडळात होते आणि कॅम्प डेव्हिडला इस्रायलच्या शिष्टमंडळात होते; पुढे लगेच परराष्ट्रमंत्री झाले. म्हणजे टेबलाच्या पलीकडे नव्हे, अलीकडे बसलेला माणूस. २००६ साली अमेरिकेत एका जाहीर वादचर्चेत ते म्हणाले की कॅम्प डेव्हिड ही काही पॅलेस्टिनींनी दवडलेली संधी नव्हती. मी पॅलेस्टिनी असतो तर कॅम्प डेव्हिड मीही नाकारलं असतं. इस्रायलच्या बाजूने वाटाघाटीला बसलेला मंत्री हे बोलतो. बारामती ते बोरिवली कुठल्याही ग्रुपवर या वाक्याचं कोणाकडे उत्तर असेल तर मला जरूर पाठवावं.

आता याच वाक्याची पुढची बाजू मला सांगायलाच लागेल, नाहीतर मीही फॉरवर्डवालाच. बेन-अमी तिथेच पुढे म्हणाले की अडचण कॅम्प डेव्हिडची नाही, क्लिंटन यांच्या डिसेंबरच्या आराखड्याची आणि त्यानंतर इजिप्तमधल्या ‘ताबा’ गावी झालेल्या बोलण्यांची आहे. तिथे अराफतनी हो म्हणायला हवं होतं. आणि इथे माझ्याकडे फारसा बचाव नाही. अराफतनी वेळ काढला. इस्रायलच्या मंत्रिमंडळाने २७ डिसेंबरला आराखडा शंकांसह मान्य केला. अराफत २ जानेवारीला वॉशिंग्टनला गेले ते शंकांची यादी घेऊन, आणि क्लिंटन यांच्या खुर्चीचे दिवस भरत आले होते. कॅम्प डेव्हिडला ज्यूंचं मंदिर जेरुसलेममध्ये नव्हतंच असं काहीतरी अराफत बोलले, ते तर निव्वळ बेअक्कलपणाचं. समोरच्याच्या श्रद्धास्थानाचं अस्तित्वच नाकारून वाटाघाटी होत नसतात. क्लिंटन यांनी पुढे वर्षानुवर्षं अपयशाचं खापर अराफतवर फोडलं, हेही खरं.

पण मग ७ जानेवारी २००१ चं काय करायचं? त्या दिवशी न्यूयॉर्कच्या जाहीर भाषणात हेच क्लिंटन म्हणाले की पंतप्रधान बराक आणि अध्यक्ष अराफत या दोघांनीही हा आराखडा पुढच्या प्रयत्नांचा पाया म्हणून स्वीकारला आहे, आणि दोघांनीही काही शंका मांडल्या आहेत. दोघांनीही, हा शब्द क्लिंटन यांचा. त्याच महिन्यात, २१ ते २७ जानेवारी, इजिप्तमधल्या ताबाला दोन्ही शिष्टमंडळं पुन्हा बसली आणि उठताना त्यांनी संयुक्त निवेदन काढलं: आपण कराराच्या इतक्या जवळ आजवर कधीच आलो नव्हतो, उरलेलं अंतर इस्रायलच्या निवडणुकीनंतर बोलणी सुरू झाली की भरून काढता येईल. निवडणूक ६ फेब्रुवारीला झाली. बराक पडले, एरियल शेरॉन आले. त्यांनी बोलणी तिथून पुढे नेली नाहीत. ‘उठून गेले’ म्हणणाऱ्यांनी आधी ठरवावं, कोण, कधी आणि कुठून उठलं.

आता दंग्यांचं. कॅम्प डेव्हिड २५ जुलैला आटोपलं, इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सप्टेंबरअखेर पेटला. मधल्या दोन महिन्यांत भेटी चालू होत्या. २५ सप्टेंबरला अराफत बराक यांच्या घरी जेवायला गेले होते. २८ तारखेला त्या वेळचे विरोधी पक्षनेते शेरॉन प्रचंड पोलीस बंदोबस्तात हरम अल-शरीफवर गेले. दुसऱ्या दिवशी निदर्शनं, दगडफेक, गोळीबार, मृत्यू. अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या समितीने २००१ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलंय, शेरॉन यांच्या भेटीमुळेच इंतिफादा झाला असं नाही, पण पॅलेस्टिनी प्राधिकरणाने (अराफत यांच्या प्रशासनाने) तो आधीपासून योजून घडवला असाही पुरावा नाही. आणि इस्रायलने मुद्दाम जीवघेणा प्रतिसाद ठरवून ठेवला होता असाही नाही. त्यानंतर बसमध्ये, कॅफेत, पिझ्झाच्या दुकानात आत्मघाती स्फोट झाले. ते घडवणाऱ्यांसाठी माझ्याकडे सहानुभूतीचा एक कण नाही, आणि अराफतनी त्यांना वेळीच आवरलं नाही हा डाग त्यांच्यावर राहणारच.

‘स्वतःचा प्रस्ताव दिला नाही’ यात अर्धं तथ्य आहे. कॅम्प डेव्हिडला पॅलेस्टिनींनी एकसंध असा लेखी प्रतिप्रस्ताव ठेवला नाही. त्यांच्यात आपापसातच कोण कोणाच्या पायात पाय घालतंय याची स्पर्धा चालली होती. पण पूर्व जेरुसलेममधल्या ज्यू वस्त्या इस्रायलकडे राहतील, वेस्ट बँकेत इस्रायलींनी वसवलेल्या काही मोठ्या वसाहती जमिनीच्या अदलाबदलीत इस्रायलला मिळतील, इथपर्यंत ते आले होते. याला काही न देणं म्हणत नाहीत.

इथून मागे जाऊ. १९३७. ब्रिटिशांच्या पील आयोगाने फाळणी सुचवली. साधारण पाचवा हिस्सा ज्यू राष्ट्राला, जेरुसलेम आणि आजूबाजूचा पट्टा ब्रिटिशांकडे, आणि उरलेला अरब भाग ट्रान्सजॉर्डनला जोडायचा. म्हणजे अमीर अब्दुल्लांच्या राज्यात. ‘स्वतंत्र पॅलेस्टिनी देश’ यात शोधून दाखवा. शिवाय ज्यू भागातल्या सव्वादोन लाख अरबांना हलवण्याची सूचना होती. अरब नेत्यांनी नाकारलं, बरोबर. त्याच ऑगस्टमध्ये झुरिकला भरलेल्या झायनिस्ट काँग्रेसनेही (ज्यू राष्ट्रासाठी झटणाऱ्यांच्या परिषदेनेही) त्या सीमा नाकारल्या, फक्त फाळणीच्या तत्त्वावर बोलणी करायला संमती दिली. आणि पुढच्याच वर्षी वुडहेड आयोग नेमून ब्रिटिशांनी स्वतःच ही योजना अव्यवहार्य म्हणून गुंडाळली. देणाऱ्यानेच मागे घेतलेलं आंदण घेणाऱ्याने लाथाडलं म्हणे!

१९४७ चं मात्र मान्य. २९ नोव्हेंबरचा संयुक्त राष्ट्रांचा ठराव खरोखर दोन राष्ट्रांचा होता आणि अरबांनी तो नाकारला, नंतर शेजारच्या अरब देशांनी सैन्यं घुसवली. का नाकारला हे समजायला फार डोकं लागत नाही: लोकसंख्येच्या एक तृतीयांश असलेल्या ज्यूंना सुमारे ५५ टक्के भूभाग, आणि त्या ज्यू राष्ट्रातही जवळपास ४ लाख अरब. पण कारण समजणं वेगळं आणि निर्णय शहाणपणाचा होता म्हणणं वेगळं. त्या युद्धात ७ लाखांवर पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. खुद्द पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी २०११ मध्ये इस्रायली दूरचित्रवाणीवर ती चूक होती असं म्हटलंय. हा एक मुद्दा फॉरवर्डच्या खात्यावर जमा.

१९६७ चं उत्तर दोन ओळींत. त्या जूनमधलं युद्ध जिंकल्यावर इस्रायलच्या मंत्रिमंडळाने जे ठरवलं ते शांततेच्या बदल्यात सिनाई इजिप्तला आणि गोलान सीरियाला परत करण्याबद्दल. वेस्ट बँक आणि गाझा त्यात नव्हते. पूर्व जेरुसलेमला तर त्याच महिन्यात इस्रायली कायदा लागू झाला आणि सप्टेंबरमध्ये वेस्ट बँकेत पहिली वसाहत उभी राहिली. खार्टूमच्या परिषदेतले प्रसिद्ध तीन नकार (इस्रायलशी शांतता नाही, वाटाघाटी नाहीत, मान्यता नाही) अरब सरकारांचे होते. पॅलेस्टिनींना कोणी काही विचारलं नव्हतं, मग त्यांनी नाकारलं काय?

म्हणजे पाचातले दोन बाद, एक अर्धवट, एक कबूल.

‘इस्रायलला कधी मान्यताच दिली नाही’ हे वाक्य वाचून मी फोन खाली ठेवून चहा करायला गेलो. हे तर शाळेच्या पुस्तकातही सापडेल. ९ सप्टेंबर १९९३ चं अराफत यांचं पंतप्रधान यित्झाक राबिन यांना लिहिलेलं सहीचं पत्र आहे: पीएलओ (अराफत यांच्या नेतृत्वाखालची पॅलेस्टिनी संघटना) इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षित राहण्याचा हक्क मान्य करते. त्याचं राबिन यांनी दिलेलं उत्तरही आहे. त्यात इस्रायलने काय मान्य केलं? पीएलओ ही पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी आहे, एवढंच. राष्ट्राचा हक्क नाही. एका बाजूने देशाला मान्यता, दुसऱ्या बाजूने एका संघटनेला. चार दिवसांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर हस्तांदोलन झालं. पाच वर्षांनी, १४ डिसेंबर १९९८ ला, क्लिंटन स्वतः गाझात बसलेले असताना पॅलेस्टिनी प्रतिनिधींनी हात वर करून जुन्या सनदेतली इस्रायलच्या नाशाची कलमं रद्द केली. या सगळ्याचा हिशेब असा की ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनच्या ७८ टक्क्यांवर त्यांनी पाणी सोडलं होतं, आणि वाद उरला होता तो उरलेल्या २२ टक्क्यांचा. ९१ की ९७ की १००, ही टक्केवारी त्या २२ ची आहे. फॉरवर्डमध्ये हा आकडा औषधालाही नाही.

पीएलओबाहेरच्या हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेने मान्यता दिली नाही, खरं. हमासने ओस्लो करार, म्हणजे हस्तांदोलनाचा तो १९९३ चा करार, उधळायला बसमध्ये बॉम्ब फोडले, तेही खरं. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या त्या स्फोटांनी इस्रायलमधल्या शांततावाद्यांचं कंबरडं मोडलं आणि उजव्या लिकुड पक्षाचे नेतान्याहू पहिल्यांदा निवडून आले. पण ओस्लो मोडायला दोन्हीकडून हात लागले. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना बारुख गोल्डस्टाइनने गोळ्या घातल्या. ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिन यांना मारलं ते एका ज्यू इस्रायली तरुणाने, शांततासभेच्या दारात. आणि बोलणी चालू असतानाच वेस्ट बँकेतल्या वसाहतींमधली लोकसंख्या, पूर्व जेरुसलेम सोडून, १९९३ मधल्या सुमारे १ लाख १० हजारांवरून २००० पर्यंत १ लाख ९० हजारांवर गेली. ज्या जमिनीवर बोलणी चाललीत तिथेच रोज नवं बांधकाम उभं राहत असेल, तर समोरच्याने विश्वास ठेवायचा कशावर? राबिन यांचा मला आदर आहे. पण खून होण्याच्या महिनाभर आधी क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, त्यांनीही जे सांगितलं ते ‘राष्ट्रापेक्षा कमी’ अशा व्यवस्थेबद्दल. म्हणजे शांततेसाठी जीव गमावलेल्या पंतप्रधानानेही ‘देश’ जाहीरपणे देऊ केला नव्हता.

गाझा, २००५. हा मुद्दा मला सगळ्यात खोडसाळ वाटतो, कारण वरवर तो निर्विवाद दिसतो. २१ वसाहती उठवल्या, ८ हजारांवर इस्रायलींना घराबाहेर काढलं, त्यांचे रडतानाचे फोटो जगाने पाहिले. सगळं घडलेलं आहे. पण ‘शांततेसाठी’? शेरॉन यांचे सर्वांत जवळचे सल्लागार डोव्ह वाइसग्लास यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये, माघारीच्या आधीच, हारेत्झ या इस्रायली दैनिकाला मुलाखत दिली. त्यांनी लपवाछपवी केली नाही: या माघारीचा अर्थ शांतता प्रक्रिया गोठवणं हा आहे, हे फॉर्माल्डिहाइड आहे, पॅलेस्टिनींशी राजकीय बोलणी होऊ नयेत म्हणून लागेल तेवढं. फॉर्माल्डिहाइड कशाला वापरतात हे शवागारात काम करणाऱ्याला विचारा. माघारीची योजना आखणारा माणूस म्हणतो, बोलणी टाळायला हे करतोय. आणि आपण वीस वर्षांनी ग्रुपवर लिहितो, शांततेसाठी केलं.

बरं, ही माघार कराराने झाली नाही, एकतर्फी झाली. अब्बास यांच्याशी वाटाघाटी करून गाझा सोडला असता तर त्याचं श्रेय बोलणी करणाऱ्यांना गेलं असतं. तसं न झाल्यामुळे ‘आमच्या बंदुकांनी पळवलं’ म्हणत हमासने ते खिशात घातलं, जानेवारी २००६ ची निवडणूक जिंकली, जून २००७ मध्ये गाझा बंदुकीच्या जोरावर ताब्यात घेतला. हवाई हद्द, समुद्र आणि बहुतेक वेशी इस्रायलच्याच हातात राहिल्या. फॉरवर्डमध्ये हरितगृहांची गोष्टही आहे, ‘दिलेली हरितगृहं त्यांनी फोडली’. लूट झाली, हो. त्याआधी बरीचशी हरितगृहं वसाहतवाल्यांनीच जाताना उखडली होती, आणि जी देणग्यांतून विकत घेऊन, दुरुस्त करून चालवली त्यांचा भाजीपाला गाझाच्या वेशीवरच्या कार्नी नाक्याच्या बंद फाटकाशी सडला, हा भाग फॉरवर्डमध्ये मावला नसावा. रॉकेटं मात्र खरी. गाझालगतच्या स्देरोत या इस्रायली गावातल्या पोरांनी शाळेपेक्षा बंकरमध्ये जास्त वेळ काढला, आणि त्याचं समर्थन करणाऱ्याशी मी बोलत बसणार नाही.

२००८ हा मुद्दा फॉरवर्डमधला सगळ्यात भक्कम. इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट आणि अब्बास दोन वर्षं भेटत होते. १६ सप्टेंबर २००८ ला ओल्मर्टनी मोठा नकाशा उलगडला. वेस्ट बँकेचा सहा टक्क्यांच्या आसपास भाग इस्रायलकडे, त्याच्या जवळपास तेवढीच जमीन बदल्यात, जेरुसलेमच्या पवित्र भागावर आंतरराष्ट्रीय देखरेख. त्याआधी किंवा त्यानंतर कुठल्याही इस्रायली पंतप्रधानाने इतकं पुढे पाऊल टाकलेलं नाही. अब्बासनी नकाशाची प्रत मागितली. ओल्मर्ट म्हणाले, आधी सही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला बसलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल: बिल्डर प्लॅन भिंतीवर लावतो, झेरॉक्स देत नाही, आणि पेन पुढे करतो. अब्बास परत गेले आणि आठवेल तसा तो नकाशा एका कागदावर हाताने काढला. तो कागद आज उपलब्ध आहे. एका राष्ट्राची सीमा, बॉलपेनने, अंदाजपंचे.

अब्बास परत आले नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी इस्रायली वाहिनीला सांगितलं की नकाशा अभ्यासू दिला नाही म्हणून मी तो तिथल्या तिथे नाकारला. माझं मत विचाराल तर त्यांनी चूक केली; प्रतिप्रस्ताव घेऊन दुसऱ्या दिवशी दारात उभं राहायला हवं होतं. पण ओल्मर्ट तेव्हा होते कोण? भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकलेले, जुलैमध्येच पद सोडण्याची घोषणा केलेले, आणि नकाशा दाखवल्यावर पाच दिवसांनी राजीनामा दिलेले पंतप्रधान. त्यांची सही त्यांच्याच मंत्रिमंडळात टिकली असती का, हा प्रश्न तेव्हा जेरुसलेममध्येही विचारला जात होता. डिसेंबरअखेर गाझात युद्ध पेटलं, फेब्रुवारीत निवडणूक झाली, नेतान्याहू आले. आणि ‘लाथाडला’ म्हणताना हेही लक्षात घ्यावं की खुद्द ओल्मर्ट अब्बासना शांततेचा भागीदार मानतात. २०२० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला शेजारी बसून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. देणाऱ्याला जो माणूस भागीदार वाटतो तो आपल्या ग्रुपला मात्र लाथाडणारा वाटतो.

एक उलटा प्रस्तावही नोंदवतो, कारण ‘देऊ केलं, नाकारलं’ असाच खेळ खेळायचा तर दोन्ही बाजूंचे गुण मोजावेत. २८ मार्च २००२, बैरूत. अरब लीगच्या सगळ्या देशांनी ठराव केला: १९६७ च्या सीमांपर्यंत माघार, निर्वासितांच्या प्रश्नावर संमतीने तोडगा, आणि बदल्यात सगळ्या अरब देशांचे इस्रायलशी रीतसर संबंध. खार्टूमच्या तीन नकारांचं हे सरळ उलटं टोक. इस्रायलच्या कुठल्याही सरकारने तो आजतागायत स्वीकारलेला नाही. ठरावाच्या आदल्या रात्री हमासने नेतान्याच्या हॉटेलात वल्हांडण या ज्यू सणाच्या जेवणाच्या पंगतीत स्फोट घडवून ३० जणांना मारलं, ठरावाच्या दुसऱ्या दिवसापासून इस्रायली रणगाडे वेस्ट बँकेत शिरले, आणि ठराव त्या धुरळ्यात गडप झाला. बोलणी नको असलेल्यांचं वेळेचं गणित दोन्हीकडे फार पक्कं असतं.

भारताबद्दलचा मुद्दा निव्वळ थाप आहे, म्हणून भराभर. १९४७ च्या ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्या १३ देशांत भारत होता; आपल्या प्रतिनिधीने इराण आणि युगोस्लाव्हियासह संघराज्याचा वेगळा पर्याय मांडला होता. इस्रायलला मान्यता १९५० मध्ये, मुंबईत त्यांची वकिलात १९५३ पासून, पूर्ण राजनैतिक संबंध थेट १९९२ मध्ये. पॅलेस्टाइनला मान्यता १९८८. आणि ‘मतांसाठी’ म्हणणाऱ्यांनी १९७७ चं अटलबिहारी वाजपेयी यांचं भाषण ऐकावं: अरबांच्या ज्या जमिनीवर इस्रायल बसलाय ती त्याला खाली करावी लागेल. अलिबाग, रेवदंडा, पेणकडचे बेने इस्रायली तिकडे गेले, तिथे मराठी जपली, त्यांच्याबद्दल आपल्याला माया असणं साहजिकच. पण त्या मायेवर सनावळी बदलत नाही.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘त्यांनी मागून घेतलं’. मावशी संघात बाकी काय हवं ते वाचो, हे वाचू नये.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले. मारलेल्यांत बेएरी या किबुत्झमधल्या, म्हणजे सामूहिक शेतवस्तीतल्या, व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. शांततेसाठी काम करणाऱ्या स्त्रियांची इस्रायलमधली मोठी संघटना उभारणाऱ्यांपैकी एक, गाझातल्या रुग्णांना इस्रायलच्या दवाखान्यांत पोचवण्याच्या कामात असलेल्या. ‘इस्रायलच्या धोरणाने त्यांनी ते मागून घेतलं’ असं कोणी म्हटलं तर तुम्ही त्याला घरात घ्याल का? मग तोच तर्क गाझाला कसा लागू होतो? तिथल्या लोकसंख्येत निम्म्याच्या आसपास अठरा वर्षांखालची मुलं. पॅलेस्टिनी कायदेमंडळाची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ ला झाली. तेव्हा अठरा पूर्ण असलेला सगळ्यात धाकटा मतदार आज चाळिशीकडे झुकला असेल. कॅम्प डेव्हिडच्या वेळी ही सगळी मुलं जन्मायची होती, काहींचे आईबाप शाळेत होते. त्यांनी कुठला नकाशा लाथाडला?

आणि तो ‘पुढे केलेला हात’. लिकुड पक्षाच्या १९७७ च्या जाहीरनाम्यातच लिहिलंय की समुद्र आणि जॉर्डन नदीच्या मध्ये फक्त इस्रायलचं सार्वभौमत्व राहील. ते जुनं झालं म्हणाल तर अलीकडचं घ्या. १८ जुलै २०२४ ला क्नेसेटने जॉर्डन नदीच्या पश्चिमेला पॅलेस्टिनी राष्ट्र होऊ देण्याला विरोध करणारा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. तोही नुसता नेतान्याहूंच्या आघाडीचा नव्हता. विरोधात बसणाऱ्या बेनी गँट्झ यांच्या पक्षानेही ठरावाच्या बाजूने मत दिलं, आणि दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा सांगणाऱ्या यायर लपिड यांच्या पक्षाचे सदस्य मतदानाच्या वेळी सभागृहातून निघून गेले. भारताने मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा पुरस्कार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं, बाजूच्या एकूण १४२ देशांपैकी एक म्हणून. आपल्याच सरकारचं हे मत ग्रुपवर कोणी फॉरवर्ड केलेलं मला अजून दिसलेलं नाही.